माझ्यावर चाललं तर सगळीकडे चालेल

मित्रांनो, माझ्या काचेच्या उजव्या कोपऱ्यात एक तडा आहे. मागचं झाकण रबरबँडने धरून ठेवलेलं आहे. मला जागं करायला बटण दाबलं, की तेवढ्या वेळात माणूस दात घासून येतो. तरी मला बिघडलेला म्हणू नका. मी एक जुना, पण चालता फोन आहे आणि आज माझी हकिकत सांगायला बसलो आहे.

माझा जन्म एका मोठ्या, पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडलं, पुसलं आणि खोक्यात झोपवलं. माझ्यासारखे हजारो फोन त्या दिवशी जन्मले असतील. आमच्यात फार काही विशेष नव्हतं. दुकानात चकचकीत भावंडं वरच्या फळीवर आणि आम्ही खालच्या फळीवर, चार्जिंगच्या वायरींच्या शेजारी.

एके दिवशी रुंद खांद्यांचा एक माणूस आला. त्याच्या तळहातांना दोरखंडाचे घट्टे पडले होते. कॅमेरा किती चांगला, रंग कुठला, असलं त्याने काही विचारलं नाही. पडला तर टिकेल का आणि रस्त्यावरच्या गोंगाटात आवाज ऐकू येईल का, एवढंच विचारलं. दुकानदाराने मला खालच्या फळीवरून उचललं. त्या घरात सगळे या माणसाला बाबा म्हणत. मग मीही मनातल्या मनात बाबाच म्हणू लागलो.

बाबांचा धंदा घरसामान हलवण्याचा. एक टेम्पो, जाड सतरंज्या, दोरखंड आणि दोन जुने सोबती. एक ड्रायव्हरमामा आणि दुसरा पैलवान. पैलवान इतका काटकुळा होता की नवीन गिऱ्हाईक त्याच्याकडे बघून आपल्या फ्रिजकडे काळजीने बघायचं. पण फ्रिजला एकदा त्याने पट्टा लावला की तो मांजराच्या पिल्लासारखा त्याच्या पाठीवर बसायचा.

काम घेण्याआधी बाबा जिना बघायला जात आणि माझ्याकडून त्याचे फोटो काढून घेत. कठडा कुठे अडेल, वळणावर किती जागा आहे, छत कुठे खाली येतं, हे त्यांना घरी बसून निवांत बघायचं असे. त्यामुळे माझ्या पोटात माणसांचे फोटो फार थोडे. जिने मात्र रग्गड. गोल जिने, लाकडी जिने, पायरीपायरीवर कुंड्या ठेवलेले जिने, आणि एक तर असा की ज्याच्या मधोमध कुणीतरी कपडे वाळवायची दोरी बांधली होती.

काचेला तडा गेला तो अशाच एका जिन्यात. पियानो उतरवत असताना मी बाबांच्या वरच्या खिशातून निसटलो आणि एकेका पायरीला टक्कर देत खाली गेलो. बाबांनी आधी पियानो नीट खाली टेकवला आणि मगच मला शोधायला आले. मला वाईट वाटलं नाही. पियानो दुसऱ्याचा होता, मी घरचाच होतो.

पुढे बाबांच्या कमरेने दगा दिला. डॉक्टरांनी बजावून सांगितलं की यापुढे पिशवीसुद्धा जपून उचलायची. टेम्पो ड्रायव्हरमामांकडे गेला. मुलींनी बाबांना नवा फोन आणला आणि मी टेबलाच्या खणात गेलो. सोबतीला मोजपट्टी, कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच ठाऊक नसलेल्या किल्ल्या आणि संपलेले सेल. बंद पडलेल्या फोनला दिवस कळत नाहीत. त्यामुळे तिथे मी किती काळ काढला हे मला सांगता येणार नाही. कंटाळा आला एवढं खरं.

मग एका सकाळी खण उघडला आणि एक रंग लागलेला हात आत आला.

तो बाबांच्या धाकट्या मुलीचा होता. धाकटी दुकानांच्या पाट्या रंगवायची, भिंतींवर चित्रं काढायची. थोरली एका कार्यालयात संगणकाचे प्रोग्रॅम लिहायची. दोघींचं एकमेकींशी पटायचंही आणि वाजायचंही. त्या दिवसांत दोघींना एकच काळजी होती, ती म्हणजे बाबांची. घरी बसून ते पार चिडचिडे झाले होते. आईने कुंडी जरी सरकवली तरी खुर्चीतून हुकूम सुटायचा, ‘तिरकी धर, तिरकी!’ शेवटी आई म्हणाली होती की या माणसाला काहीतरी हलवायला द्या, नाहीतर मीच घराबाहेर हलते.

त्यावरून दोघींच्या डोक्यात एक खेळ आला. एका इमारतीत सामान अडकलेलं आहे. कपाट, पलंग, आरसा, मासे असलेली काचेची पेटी. बोटाने ते सरकवायचं, दोन बोटांनी तिरकं करायचं आणि जिन्यातून कुठेही न आपटता रस्त्यावर आणायचं. आधी काय काढायचं, काय बाजूला ठेवायचं, हे ज्याला सुचेल तो सुटला. खेळाचं नाव ठेवायला दोघींना वेळच लागला नाही. ‘तिरकं धरा’.

धाकटीला इमारती काढायला खरे जिने हवे होते, म्हणून तिने मला चार्जरला लावलं. मी हळूहळू डोळे उघडले आणि माझ्या पोटातले सगळे जिने तिच्यापुढे मांडले. ती एकेक फोटो बघत हसत सुटली. कुंड्यांचा जिना खेळात आला. कपडे वाळवायच्या दोरीचा आला, दोरीवरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यासकट.

सुरुवातीला हे बाबांचं मन रमवण्यापुरतंच होतं. पण खेळ वाढत गेला आणि चांगला होत गेला. शेवटी थोरलीने नोकरी सोडली. घरातल्या मागच्या खोलीत दोन ट्रंकांवर एक जुनं दार आडवं टाकून तिने टेबल केलं. साठवलेले पैसे संपायच्या आत खेळ बाजारात आणायचा, नाही जमलं तर मुकाट्याने परत नोकरी धरायची, असं तिने आईला कबूल केलं होतं.

त्या टेबलावर मलाही काम मिळालं. खेळात काही नवं घातलं की ते आधी माझ्यावर चालवून बघायचं. धाकटीने माझ्या पाठीवर चिकटपट्टी लावून त्यावर ‘परीक्षक’ असं लिहिलं आणि म्हणाली, “याच्यावर चाललं तर सगळीकडे चालेल.” मित्रांनो, मी अभिमानाने फुललो. सुदैवाने बॅटरी फुलली नाही.

पण परीक्षकाचीच परीक्षा होऊ लागली. पहिल्या दोन इमारती मी कशाबशा पार पाडायचो. तिसरीत काचेची पेटी यायची, तिच्यात मासे पोहायचे, पाण्यात खिडकीचा उजेड हलायचा. तिथे मी तव्यासारखा तापायचो. चित्र थांबायचं. मग सगळा अंधार. थोरली मला आजोबा म्हणायची, आणि ते कौतुकाने नव्हे. आजोबांना आता विश्रांती द्यावी, संगणकावर आणि नव्या फोनांवर खेळ झकास चालतो आहे, असं ती दिवसातून एकदा तरी बोलून दाखवायची.

बाबांचं काय झालं म्हणता? ज्यांच्यासाठी खेळ काढला ते त्यात साफ नापास. खरं कपाट त्यांच्या खांद्याला कळायचं, बोटाला कळेना. आरसा फोडून फोडून ते खेळातच चूक आहे असं म्हणायचे. आई मात्र भाजी शिजेपर्यंत एक इमारत रिकामी करायची आणि काही न बोलता फोन त्यांच्यासमोर ठेवायची.

अशातच एका मोठ्या खेळ-कंपनीच्या बाई घरी आल्या. त्यांनी संगणकावर खेळ बघितला, मनापासून हसल्या, धाकटीच्या चित्रांना नावाजलं. बाई चांगल्या होत्या, हे मला आधी सांगायला हवं. त्यांचं म्हणणंही सरळ होतं. कंपनी खेळ विकत घेईल. पहिलं वर्षभर तो फक्त टीव्हीला जोडायच्या नव्या कन्सोलवर आणि संगणकावर मिळेल. त्यानंतर फोनवर, पण नव्याच फोनवर. तिथे तो फुकट असेल. मधे मधे जाहिराती येतील आणि एखादा अवघड जिना आला की सामान सोडवायला जास्तीची दोरी विकत घ्यायची सोय असेल. बदल्यात दोघी बहिणींना निदान दोन वर्षं तरी घरखर्चाची चिंता राहणार नव्हती.

थोरलीने विचार करून कळवते असं सांगितलं. बाईंना दारापर्यंत पोचवून ती परत आली तेव्हा तिचा चेहरा इतका मोकळा दिसत होता की मलाच बरं वाटलं. पण धाकटी ब्रश धुवायला लागली होती. ती जेव्हा इतक्या जोरात ब्रश धुते तेव्हा घरातल्यांनी काय ते ओळखायचं. पुढचे काही दिवस दोघी एकमेकींशी आईमार्फत बोलल्या. आई म्हणाली, मी काय पोस्ट आहे का?

मला कुणी विचारलं नाही, पण तुम्हाला म्हणून सांगतो, मी धास्तावलो होतो. करार झाला तर माझं टेबलावरचं स्थान गेलं. पुन्हा खण, पुन्हा त्या किल्ल्या.

त्या आठवड्यात पैलवान आणि ड्रायव्हरमामा बाबांची खुशाली विचारायला आले. चहा झाला, टेम्पोच्या क्लचबद्दल बोलून झालं. बाबांनी मुलींचा पराक्रम दाखवायला हाताशी होतो म्हणून मलाच उचललं. खेळ सुरू झाला. पैलवानाने कुंड्यांचा जिना लगेच ओळखला. “अरे, हा तर त्या शिंकणाऱ्या मास्तरांचा जिना!” मग काय विचारता. तीन डोकी माझ्या एवढ्याशा काचेवर वाकली. एक म्हणे डावीकडून, दुसरा म्हणे आधी पलंग सोडव, तिसरा नुसताच दम धरून बसलेला. पलंग कठड्यात अडकला तसे तिघेही आपापल्या खुर्चीत कंबर वाकवून तिरके झाले. बाबासुद्धा. कितीतरी महिन्यांनी बाबा पोट धरून हसत होते. धाकटी दारात उभी राहून बघत होती, आणि तिच्या मागे थोरली.

पलंग एकदाचा रस्त्यावर आला. मास्तरांच्या कुंडीचा मात्र चुरा झाला होता, पण त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. पैलवानाने कपाळ पुसलं, खिशातून आपला फोन काढला आणि थोरलीसमोर धरला.

“बाळ, हे यावर घालून दे ना. घरी नातीला दाखवतो.”

तो माझ्याच जातीचा फोन होता. फक्त काच धड होती, आणि मागे नातीने चिकटवलेलं बदक होतं.

थोरलीने तो हातात घेतला. हा खेळ जुन्या फोनांवर येणार नाही बहुतेक, असं ती कशीबशी म्हणाली. पैलवान मुळीच रागावला नाही. असू दे, असू दे, म्हणत त्याने फोन खिशात घातला, जसा माणूस दुकानात किंमत ऐकून वस्तू हलकेच जागेवर ठेवतो तसा. ड्रायव्हरमामांनी पुन्हा क्लचचा विषय काढला.

पाहुणे गेल्यावर थोरली मागच्या खोलीत येऊन बसली. बराच वेळ तिने माझ्यावर तोच पलंग पुढे-मागे सरकवला. मग धाकटीला हाक मारली. थेट, आईमार्फत नाही.

“ज्यांचे जिने घेतले, त्यांनाच आपण दाराबाहेर उभं करणार होतो,” ती म्हणाली.

“मी तेच ब्रश धुताना म्हणत होते,” धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी थोरलीने कंपनीच्या बाईंना फोन केला. फक्त नव्या फोनांची अट सोडता येईल का, हे तिने आधी नीट विचारलं. ते शक्य नव्हतं. मग तिने नम्रपणे नकार दिला. त्या संध्याकाळीच तिने जुन्या कार्यालयातल्या साहेबांना विचारून अर्ध्या दिवसाचं काम धरलं. सकाळी नोकरी, दुपारनंतर खेळ. आईने यावर काही भाषण केलं नाही. तिने फक्त थोरलीचा डबा भरायला सुरुवात केली.

किंमत किती ठेवायची यावर मात्र घरात सभाच भरली. धाकटीला खेळ फुकट द्यायचा होता. थोरली म्हणाली, फुकट दिला तर जाहिराती घालाव्या लागतील, नाहीतर जास्तीची दोरी विकावी लागेल. यावर बाबा उठून बसले. कमरेला हात लावून, पण ताठ.

“आपण अर्ध्या जिन्यात कधी भाडं वाढवलं नाही,” ते म्हणाले. “कपाट अडलं की पैसे मागणारे लोक मी पाहिलेत. काय ते जिन्याच्या खालीच सांगा.”

आणि ठरलं. पहिली इमारत सगळ्यांना फुकट. आवडली तर बाकीच्या सगळ्या इमारती एकदाच पैसे भरून घ्यायच्या, दोन माणसांच्या चहा-बिस्किटांच्या भावात. पुढे काहीही मागायचं नाही. संगणकावर किंमत थोडी जास्त, कारण तिथे आपला स्वतःचा जिना बांधून मित्राला अडकवायची सोय होती. खेळ संगणकावर आणि फोनवर एकाच दिवशी येणार, नव्या आणि जुन्या दोन्ही फोनांवर. कन्सोलचं पुढच्या वर्षी बघू.

आता सगळा भार आला माझ्यावर. मी तापलो की थोरली खेळातलं काहीतरी हलकं करायची. भिंतींवरची नक्षी साधी झाली. आरशातली प्रतिबिंबं गेली. सामानाच्या सावल्या गेल्या तेव्हा धाकटी हळहळली, कारण त्या तिने फार मन लावून काढल्या होत्या. पण मासे तिने काढू दिले नाहीत. शेवटी तोडगा निघाला, की जुन्या फोनवर मासे पोहणार नाहीत, एका जागी थांबून नुसते डोळे मिचकावतील. तुम्ही म्हणाल, माशांना पापण्या कुठे असतात? धाकटीच्या माशांना आहेत.

आणि एका दुपारी मी तिसरी इमारत पूर्ण केली. न थांबता, न विझता. कपाट उतरलं, पलंग उतरला, मासे डोळे मिचकावत रस्त्यावर आले. मी कोमट झालो होतो, बस. थोरलीने मला उचलून शर्टाच्या बाहीने माझी काच पुसली आणि म्हणाली, “शाब्बास, आजोबा.” या वेळी ते कौतुकानेच होतं. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी बोललेलं हे पहिलंच वाक्य. एरवी सगळे माझ्यातून दुसऱ्याशीच बोलतात.

खेळ बाहेर आला त्या दिवशी थोरलीने रजा घेतली होती. सगळे टेबलाभोवती जमले. खेळ फोनमधल्या खेळांच्या दुकानात दिसू लागला. धाकटीने टाळी वाजवली. आणि थोरलीचा चेहरा पांढरा पडला.

किंमत लिहिताना रुपये आणि पैशांमधलं टिंबच ती विसरली होती. दोन माणसांच्या चहाऐवजी एखाद्या लग्नाच्या पंगतीचा चहा व्हावा, अशी किंमत फोनांच्या दुकानात झळकत होती. तिने लगेच दुरुस्त केली, पण दुकान ती बदलायला वेळ घेणार होतं. तोवर खाली लोकांचे शेरे येऊ लागले. एकाने विचारलं, ‘या किमतीत खरं कपाट घरपोच मिळतं का?’ थोरली डोकं धरून बसली. धाकटी हसता हसता खुर्चीवरून घसरायची राहिली. मग आईने टेबलावर सगळ्यांची जेवणं मांडली आणि सांगितलं की ज्याला रडायचं असेल त्याने जेवून रडावं.

पण पहिली इमारत फुकटच होती ना. लोक ती खेळत होते आणि पुढचं दार महाग म्हणून परत पहिलीच खेळत होते. एकमेकांना सांगत होते, किंमत चुकलेली आहे म्हणे, थांबा जरा. संध्याकाळी किंमत जाग्यावर आली तेव्हा दाराशी बरीच गर्दी जमली होती. पैलवानाच्या नातीने आजोबांच्या बदकवाल्या फोनवर दोन दिवसांत सगळ्या इमारती रिकाम्या केल्या आणि नवीन कधी येणार म्हणून थोरलीकडे तगादा लावला.

दुसऱ्या कंपनीच्या फोनांच्या दुकानाने मात्र खेळ परत पाठवला. दोन बोटांऐवजी एकाच बोटाने तिरकं करायचीही सोय हवी, म्हणजे ज्यांचा हात नीट चालत नाही त्यांनाही खेळता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. आधी थोरली वैतागली. मग तिने ती सोय केली आणि सगळीकडेच घातली. त्या सोयीचा पहिला फायदा कुणाला झाला असेल? बाबांना. त्यांची घट्टे पडलेली दोन बोटं एकत्र कधी नीट वळायचीच नाहीत. एका बोटाने त्यांनी आरसा अखंड खाली आणला आणि फोन आईसमोर ठेवला. तेही काही न बोलता.

खेळ काही जगभर गाजला वगैरे नाही. पण हळूहळू खपत राहिला. थोरलीने पुढे अर्ध्या दिवसाची नोकरी सोडली आणि ती पुन्हा पूर्ण वेळ त्या दाराच्या टेबलावर बसू लागली. जुन्या फोनांवरून रोज कुणी ना कुणी दोन ओळी पाठवायचं. कुणी रात्रपाळीचा पहारेकरी, कुणी दवाखान्यात ताटकळणारी आई. त्या ओळी धाकटी मोठ्याने वाचायची आणि थोरली काम करत असल्याचं नाटक करत ऐकायची.

अशाच एका ओळीत, खेळाच्या पानावरचा परीक्षकाचा फोटो बघून कुणीतरी कळवलं, की माझा फोन तुमच्या परीक्षकापेक्षाही म्हातारा आहे, त्यावर खेळ उघडतच नाही. मला वाटलं, थोरली आता हात जोडेल. पण धाकटी जुन्या बाजारात गेली आणि तसाच एक फोन घेऊन आली. जाडजूड, कडा झिजलेला, आवाज घोगरा. तिने तो माझ्या शेजारी ठेवला. वायर एकच होती. ती माझ्यातून काढून तिने त्याला लावली.

आयुष्यात पहिल्यांदाच मी दोघांतला नवा फोन होतो. आणि खरं सांगू, वायर गेल्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

त्याचा पडदा बराच वेळ काळाच राहिला. धाकटी आणि थोरली हनुवटी टेकून समोर बसल्या होत्या. एकीनेही बटण पुन्हा दाबलं नाही, हलवलं नाही, आपटलं नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा खण असेल. त्यात माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला फेकण्याआधी एकदा वायर लावून बघा. अगदीच चालेना, तर कचऱ्यात टाकू नका, आमच्यासारख्यांचे भाग सुटे करून वापरणाऱ्याकडे द्या. आणि तुम्ही मोठेपणी काही बनवाल, तेव्हा ज्याच्याकडे जुनंपानं आहे त्याच्यासाठीही एक दार ठेवा. पण आज माझं एवढंच मागणं आहे, की आम्ही जागे होत असतो तेव्हा थोडं थांबा. म्हातारी वस्तू असो की म्हातारं माणूस, आम्हाला येऊन पोचायला जरा वेळ लागतो, पण आम्ही निघालेले असतो.

थोरलीने धाकटीच्या मनगटाला हळूच चिमटा काढला. शेजारच्या काळ्या काचेत, अगदी मधोमध, एक फिकट उजेड यायला लागला होता.